झिपरू मास्तरांनी विसरलेला कापूस

आमच्या झिपरू मास्तरांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हते, आणि डोक्यात काही टिकतही नसे. धुळ्याला आपली छत्री घेऊन जायचे आणि दुसऱ्याचीच घेऊन परत यायचे. एकदा शाळेला सुट्टी जाहीर करून दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळा उघडून बसले, वर पोरं आली नाहीत म्हणून चिडले. पण भूगोल शिकवावा तर त्यांनीच. भिंतीवर नकाशा टांगला की पोरं पेंगतात, म्हणून ते पटांगणात चुन्याने आगगाडीचे रूळ आखत आणि आम्हालाच त्यावरून पळवत.

१९३४ साली मी पाचवीत होते. त्या वर्षी मास्तरांनी कापसाचा खेळ मांडला. अंगात पांढरं पोलकं होतं म्हणून मी कापूस झाले, आणि रुपचंद आगगाडी. त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मी धुळ्याच्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, निघाले. चाळीसगाव, मनमाड करत मुंबई गाठली, तिथून बोटीने एडन, सुएझ ओलांडून थेट विलायत. विलायत म्हणजे पटांगणाच्या टोकाची चिंच.

"सुंदर, इथंच थांब. तुझं धोतर विणून झालं की मी हाक मारीन, तोवर हलायचं नाही," असं बजावून मास्तर वळले, तेवढ्यात घंटा झाली. आगगाडी घरी पळाली. मास्तर चहाला गेले.

मी हलले नाही. मला हलायचंच नव्हतं. त्या संध्याकाळी शिरपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते आणि शाळेचा माझा तो शेवटचा दिवस होता. घरी गेलं की सगळं संपलं, एवढं मला कळत होतं.

दिवेलागणीला माझे वडील, आबा, शोधत आले.

"सुंदर! पाव्हना वाट देखी ऱ्हायनात, नि तू आठे काय करी ऱ्हायनी?"

"आबा, मी विलायतमा शे," मी रडत म्हणाले. "मनं धोतर व्हवानं बाकी शे."

आबांना हसावं की रागवावं कळेना. "तठे कशी गयी वं तू?"

मग मी सगळं सांगितलं, एकही ठेसन न गाळता, अगदी धोतर होऊन बोटीने परत विकायला येईपर्यंत. आबा ऐकता ऐकता चिंचेखाली बसले. जन्मभर कापूस पिकवला, पण तो जिनात टाकला की त्यांचा संबंध संपायचा. पुढे तो कुठे जातो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजे आपलाच कापूस त्या विलायतवाला आपलेच इकतस का?" त्यांनी विचारलं आणि आपल्या धोतराचा सोगा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

तेवढ्यात मास्तर धापा टाकत आले. "अरे देवा! मी कापूस विसरलो!" ते मला हाक मारणार, तोच आबा उठले.

"मास्तर, आजून बलावू नका तिले."

त्यांनी मला खांद्यावर घेतलं. घरी पाहुणे ताटकळले होते, आईचा चेहरा उतरला होता. आबांनी हात जोडून एवढंच सांगितलं, "पोर आजून विलायतमा शे. परत येऊ दे, मंग देखूत." पाहुण्यांना वाटलं, याचं डोकं बिघडलं. आई दोन दिवस आबांवर चिडून होती. मी मात्र तिसऱ्या दिवशी शाळेत होते, आणि मग सातवी होईपर्यंत तिथेच राहिले.

आज जळगावात मी मास्तरीण आहे. एका विसराळू माणसाचे आणि एका समजूतदार बापाचे हे उपकार, फिटायचे नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत. चुन्याचे रूळ मीही आखते. आबा आता नाहीत. मास्तर आहेत, धुळ्याला मुलाकडे असतात.

यंदा, सत्तेचाळीसच्या दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या पाया पडायला गेले. इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं, "मास्तर, खरं सांगा. मुद्दाम विसरलात ना मला?"

"छे गं! चहाची तलफ आली होती," मास्तर म्हणाले आणि पोट धरून हसले. निघताना मला माझीच छत्री आठवणीने दिली. मग दारात थांबवून म्हणाले, "सुंदर, तेव्हाची हाक राहिली ती राहिलीच. आता मारू का?"

"नको, मास्तर," मी म्हणाले. "उद्या मला शाळा आहे."