गाडी न चालवणाऱ्यांचे नाना

रस्त्याच्या कडेला वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला ओलांडून नाना पुढे जात नसत. स्कूटर कितीही घाईत असो, ब्रेक लागायचाच. "कुठं जायचं शे?" असं विचारायचे आणि माणूस उलट्या दिशेचा निघाला तरी त्याला फाट्यापर्यंत तरी सोडायचे. म्हातारी माणसं, पिशव्या घेतलेल्या बायका, प्लास्टर घातलेला एखादा गडी, सगळे त्या जुन्या स्कूटरच्या मागे बसून गेलेले मी पाहिले आहेत. एकदा कॉलेजच्या एका मुलीनं मान फिरवून सरळ नकार दिला. नानांनी मला ते संध्याकाळी सांगितलं. म्हणाले, "बरोबर केलं पोरीनं. अनोळखी माणसाच्या गाडीवर कशाला बसायचं? पण बाई, मग तिनं बसायचं तरी कशात?"

मी शाळेत शिकवते म्हणून नाना मला 'बाई' म्हणत. आमची घरं समोरासमोर होती, जळगावच्या अगदी कडेला, शेतं मोडून पडलेल्या प्लॉटांवर. मूळचे ते सोनगीरचे. तरुणपणी जळगावात आले आणि मुख्य रस्त्यावर नळ-पाइपांचं दुकान टाकलं. दुकानात गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठी, घरात शिरले की खानदेशी, 'आहे'च्या जागी 'शे'. बाहेर थांबून लोकांना विचारणारे हे नाना मात्र मी पुढे पाहिले. आम्ही राहायला आलो तेव्हाचे नाना वेगळे होते. सकाळी स्कूटरला किक मारून जायचे ते रात्रीच परतायचे, आणि वाटेत कोण उभं आहे हे त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

घर त्यांनी अक्कांसाठी बांधलं होतं. अक्का म्हणजे त्यांची बायको. जळगावच्याच जुन्या गावात दुकानाच्या वर त्या दोन खोल्यांत राहिल्या होत्या. तिथल्या अंधाऱ्या जिन्याची आणि एका वेळी एकच बाई उभी राहील अशा स्वयंपाकघराची नानांना लाज वाटायची. म्हणून इथं मोठं स्वयंपाकघर केलं, पोर्चमध्ये झोपाळा टांगला, फाटकावर अक्कांचं नाव घातलं. वास्तूच्या दिवशी ते प्रत्येकाला सांगत होते, "आता ती मोकळी हवा खाईल." जुनी जागा त्यांनी मुलाला, रवीला दिली. रवी आणि त्याचं कुटुंब दुकानावरच राहिलं.

अक्कांना हवा भरपूर मिळाली. पण त्यांची भाभी तिकडेच राहिली. भाभी म्हणजे जुन्या गल्लीतल्या शेजारीण, मारवाडी कापड दुकानदाराच्या घरातल्या. दोघी रोज ओट्यावर बसायच्या, भाजी निवडायच्या, देवळात जायच्या, उन्हाळ्यात एकत्र ज्वारीचे बिबडे-पापड घालायच्या. इथं आल्यावर सुरुवातीला नाना अक्कांना स्कूटरवर गावात सोडत. मग अक्कांचे गुडघे गेले, स्कूटरवर पाय टाकणं जमेना. शेअर रिक्षा फाट्याच्या पुढे येत नव्हत्या, आणि फाट्यापर्यंत चालणं त्यांना होत नव्हतं. आख्खी रिक्षा करून जाणं त्यांच्या जिवावर यायचं. "नुसतं बसाले जाऊ आणि रिक्षा अडकवू?" असं म्हणायच्या.

तरी रोज दुपार उतरली की त्या चांगलं पातळ नेसायच्या, केस विंचरायच्या आणि पिशवी मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसायच्या. पहिल्यांदा मी विचारलं, "अक्का, कुठं निघालात?" त्या हसल्या. "माले कोठे जानं शे आते? बसनू आपली." अंधार पडला की उठून पातळ बदलायच्या, दिवा लावायच्या. नाना आल्यावर म्हणायचे, "उद्या जाऊ गावात." ते खोटं बोलत नसत. उद्या दुकानात माल यायचा, परवा कुणाचं लग्न निघायचं.

एका थंडीत अक्का झोपेतच गेल्या. निरोप कळला तशी भाभी मुलाच्या गाडीतून आल्या. त्या घरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. अक्कांच्या पायाशी बसल्या. मग मान वर करून त्यांनी नानांकडे पाहिलं. "नाना, केवढं लांब आणून ठेवलं होतं हो हिला," एवढंच म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. पण मी नानांच्या शेजारी उभी होते. त्यांनी भिंतीला हात टेकला तो मी पाहिला.

त्यानंतर नानांनी दुकानात जाणं कमी कमी करत थांबवलं, दुकान रवीवर सोपवलं, आणि रस्त्यावरच्या माणसांसाठी त्यांची स्कूटर थांबू लागली.

पुढे शहरात चर्चा सुरू झाली ती रेल्वेची. कारखान्यांच्या वसाहतीपासून स्टेशनापर्यंत आणि तिथून मुख्य रस्त्यानं आमच्या कॉलन्यांकडे, रस्त्याच्या मधून धावणारी छोटी, हलकी गाडी. पेपरात तिला लाइट रेल म्हणत, लोक ट्राम म्हणून मोकळे झाले. बहुतेकांनी ती थट्टेवारी नेली. आमच्या कॉलनीत कुणी म्हणालं, आधी खड्डे बुजवा. नानांनी मात्र ती बातमी आणि तिच्याखालची लोकांच्या बैठकीची सूचना दोनदा वाचली आणि रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, चला. घरोघर जाऊन येऊ."

मला वाटलं, ते गाडीचा वेग सांगतील, फायदे सांगतील. त्यातलं काही त्यांना धड सांगताही यायचं नाही. दार उघडलं की ते एकच विचारायचे, "तुमच्या घरात गाडी न चालवणारं कोण कोण शे?" लोक आधी म्हणायचे, आमच्याकडे सगळ्यांकडे गाड्या आहेत. नाना नुसते उभे राहायचे. मग घरातला माणूस आठवू लागायचा: आईला येत नाही, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, धाकटी अजून शाळेत आहे, आणि हिला शिकायचीय पण भीती वाटते. आत पडद्यामागून एखादी म्हातारी म्हणायची, "माझं नाव सांग रे." तेवढं झालं की नाना म्हणायचे, "त्यांच्यासाठी या बैठकीला." आणि पुढच्या दाराकडे निघायचे. लोक त्यांना ट्रामनाना म्हणू लागले. नावामागची टिंगल त्यांना कळत होती, पण ते त्या नावाला ओ द्यायचे.

खरा विरोध मुख्य रस्त्यावरून आला, आणि त्यात रवी पुढे होता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एका रविवारी तो घरी आला, तेव्हा मी तिथंच होते.

"नाना, रस्ता खोदला की माझ्या दुकानासमोर गाडी लागायची नाही. पाइप न्यायला माणूस टेम्पो घेऊन येतो. ट्राममध्ये पाइप आडवे घेऊन बसणार का तो?"

नानांना हसू आलं. "नाही बसणार."

"काम किती वर्षं चालेल, कोण सांगतं? तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं की परत येतं का?"

"तुझं खरं शे, रवी. तुझं नुकसान होईल."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

त्या वेळी त्यांनी मुलाला आईचं सांगायला हवं होतं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांचे ओठ हललेही. पण त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पिऊन खाली ठेवला. रवी चपला घालून निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दुकान नानांनीच उभं केलं होतं, पाटीवर नावही त्यांचंच होतं. तरी त्या बाजूनं जायचं असलं की ते स्कूटर मागच्या गल्लीतून काढू लागले.

लोकांची मतं ऐकायला एका मंगल कार्यालयात बैठक झाली. दुकानदारांच्या वतीनं रवी बोलला, आणि फार चांगलं बोलला. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. टाळ्या पडल्या. मग नानांचं नाव पुकारलं गेलं. नाना उठून माइकपाशी जात होते, तेवढ्यात रवी खुर्चीवरून उठला आणि बाजूच्या दारानं बाहेर गेला. नाना माइकसमोर उभे राहून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "नाना, तुमच्याकडे स्कूटर शे! तुम्हाले काय करनी ट्राम?" लोक हसले.

"माझ्याकडे होती," नाना म्हणाले. "तिच्याकडे नव्हती."

मग ते अक्कांबद्दल बोलले. पातळ नेसून, पिशवी घेऊन ती बाई रोज संध्याकाळी झोपाळ्यावर कशी बसायची, हे त्यांनी सांगितलं. "मी रात्री यायचो तेव्हा ती घरातल्या लुगड्यात असायची. मला वाटायचं, दिवसभर अशीच असते. ती तयार होऊन बसते, हे मला ती गेल्यावर या बाईंनी सांगितलं. घर तिनं मागितलंच नव्हतं. मी बांधलं. मला वाटलं, मी तिले सुख दिलं. तिचं बठ्ठं, सगळंच सुख त्या गल्लीत होतं, आणि मीच तिले तिथून उचलून आणलं. आता माझ्यासाठी काही नको. पण या नव्या कॉलन्यांमध्ये अशा किती जणी बसून असतील, ते तुम्हीच घरी जाऊन बघा. दुकानांचं नुकसान होईल, हे खरं शे. माझ्या मुलाचं होईल. ते कमी कसं करायचं, ते आपण मिळून बघू. पण गाडी येऊ द्या."

एवढं बोलून ते माइकचा दांडा धरून उभे राहिले. विरोधातलेच एक वयस्कर शेठ उठले, त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. रवी बाहेर रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या गाडीपाशी उभा होता.

त्याच वर्षी नानांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. धुळ्याला दिलेली त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. निघताना त्यांनी घराला कुलूप लावलं, पुन्हा उघडून एकदा आत जाऊन आले, आणि गाडीत बसले.

पुढे कळलं की मार्गाचा विचार होतोय, पण छोट्या मार्गाचा. खर्चामुळे तो स्टेशनापासून थोडाच पुढे येऊन थांबणार होता. आमचा फाटा त्यातून सुटला होता. हे नानांना फोनवर सांगणं मला जमेना. मी एसटीनं धुळ्याला गेले. मुलीच्या घराच्या गच्चीवर ते खुर्ची टाकून बसले होते, हायवेच्या आवाजाकडे तोंड करून. मला आवाजावरून ओळखलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मग मी सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "गल्लीपर्यंत जाते का?"

"हो. जुन्या गावावरून जाते."

"मग झालं," ते म्हणाले. "बाई, आपल्या दारापर्यंत येत नाही म्हणून विरोधात जाऊ नका. पुढच्या बैठकीत तुम्ही बोला. मला आता येणं होत नाही. मीच इथं बसून असतो." आणि जरा थांबून, "रवी येतो का तिकडे, घरी?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. निघताना मी म्हटलं, मी रवीशी बोलू का? "नको," ते म्हणाले, "ते माझं काम शे. डोळे जरा बरे झाले की जाईन मी."

डोळे बरे झाले नाहीत. होळीच्या सुमारास नाना धुळ्यातच वारले. मी गेले तेव्हा रवी माणसांत बसलेला होता. आमचं बोलणं झालं नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा बैठक ठरली. मी रजा काढून गेले. मला भाषणाची सवय आहे, पण ती वर्गातली. त्या दिवशी माझे शब्द अडखळले. एकानं विचारलं, "बाई, तुमच्या कॉलनीपर्यंत ती येणारच नाही, मग तुम्ही कशाला भांडताय?" मी म्हटलं, ज्यांच्यापर्यंत येईल त्यांना तरी घराबाहेर पडता येऊ द्या. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रवी दुकानदारांच्या रांगेत बसला होता. त्याचं मत बदललं नव्हतं, माझ्याआधी त्यानं तेच पुन्हा मांडलं होतं. पण माझं बोलणं संपेपर्यंत तो बसून राहिला.

निर्णय त्या दिवशीही झाला नाही. मुख्य रस्ता अजून होता तसाच आहे.

बाहेर पडले तेव्हा रवी पायऱ्यांवर थांबला होता. "ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी नाना असंच बोलले होते का हो? मी बाहेर होतो. लोक सांगतात, पण जो तो अर्धं सांगतो."

"नाही रे," मी म्हटलं. "ते याच्यापेक्षा फार चांगलं बोलले होते."

आणि तिथंच पायऱ्यांवर मी त्याला सगळं सांगितलं, अक्कांच्या पातळापासून, जसंच्या तसं. तो खाली बघत ऐकत होता. आत खुर्च्या आवरल्या जात होत्या.

"एवढं सगळं त्या लोकांना सांगितलं," शेवटी तो म्हणाला. "मला एकदाही नाही."

"तुलाच सांगायला उठले होते ते," मी म्हटलं. "माइकसमोर गेल्यावर आधी तुझी खुर्ची बघितली त्यांनी."