तुळशीराम शिंप्याचं अर्धं भाषण

सोनाळ्याच्या तुळशीराम शिंप्याने गणेशोत्सवातल्या नाटकांत बावीस वर्षं एकच काम केलं, प्रधानाचं. खवळलेल्या प्रजेसमोर उभं राहायचं, बंडखोर सेनापतीची आधी भरपूर स्तुती करायची, प्रजा माना डोलवू लागली की ‘पण प्रजाजनहो!’ म्हणून हात वर करायचा आणि पाच वाक्यांत त्याच सेनापतीला धुळीला मिळवायचं. टाळ्या मात्र स्तुतीलाच पडत. ‘वन्स मोअर’ आला की तुळशीराम पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू!

एवढं सोडलं तर गावात त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. घरात तर नाहीच नाही. बायको मंजुळाबाई तोंडावर म्हणायची, "तुमचं बोलनं म्हंजे नाटक. आयकाचं अन् सोडून द्याचं."

हे त्याला लागलं. बासष्ट साली तो गावातल्या मळेवाल्या वामनरावांविरुद्ध ग्रामपंचायतीला उभा राहिला. आपल्या बोलण्यावर माणसं मत देतात, हे तिला दाखवायचंच होतं.

बाजाराच्या ओट्यावर सभा झाली. तुळशीरामाने प्रधानाचीच तऱ्हा धरली. "वामनराव म्हणजे दिलदार माणूस! गावाचे हाल पाहिले आणि मळ्यातली विहीर सगळ्यांना मोकळी केली!"

नाटकाला दरवर्षी पुढे बसणारा पुंजाजी ओरडला, "वन्स मोअर!"

शहाणा माणूस पुढे गेला असता. तुळशीरामाने घसा खाकरला आणि पुन्हा ‘वामनराव म्हणजे’पासून धरलं. दुसऱ्या खेपेला विहिरीचं पाणी जास्त गोड झालं. तिसऱ्या खेपेला त्याने स्वतःच टोपीने डोळे टिपले. तेवढ्यात गुरं परतायची वेळ झाली आणि सभा उठली. ‘पण’ राहिला ओठांवर.

सात मतांनी पडला. घरी येऊन त्याने टोपी आपटली. "पुंज्यानं घात केला माहा! कुठी गेली माही मतं?"

"एक मले ठाव हाय," मंजुळाबाई भाकर थापता थापता म्हणाली. "माहं. म्या वामनरावले देल्लं."

"तू? काऊन?"

"काऊन म्हंजे? तीन खेपा तुमीच तं सांगतलं, मानूस लय भला हाय. मले पटलं."

तुळशीराम तिच्यावर ओरडायला उठला होता. तो तसाच थबकला. मग सावकाश पाटावर बसला.

"पटलं? पहिल्या खेपेले, का तिसऱ्या?"

"तिसऱ्या. डोये भरून आले माहे."

त्या दिवशी तुळशीरामाने एक भाकर जास्तीची मागून घेतली.