बॉयलर सूटचं वर्ष

चित्रकारांचा स्टुडिओ म्हटला की लोकांना वाटतं, तिथे शांतता असेल, कुणीतरी डोळे बारीक करून ब्रश चालवत असेल. छे! स्टुडिओत सगळ्यात जास्त काय साठत असेल, तर बोलणी. रंग वाळतो, कॅनव्हास गुंडाळून माळ्यावर जातो, पण कोण कुणाला काय बोललं ते मात्र ताजंच राहतं. परवा मिहिर भेटला. दोघांनीही एकदमच "ते आठवतंय का?" असं म्हटलं आणि चहा गार झाला.

पार्श्वभूमी एवढीच, की बडोद्यात पेंटिंगच्या मास्टर्सचं ते आमचं शेवटचं वर्ष होतं. या वर्षात वर्ग नसतात. तुम्हाला स्टुडिओचा एक कोपरा देतात, एक भिंत देतात, एक गाईड देतात आणि म्हणतात, आता तुमचं तुम्ही बघा. वर्षअखेरीला भिंतीवर जे असेल, ते तुम्ही! माझे गाईड व्यास सर. घरचे गुजराती, पण वाढले मराठी शेजाऱ्यांत, त्यामुळे त्यांचं मराठी अर्ध्या वाक्यात गुजरातीकडे जाऊन परत यायचं. पार्टिशनच्या पलीकडे मिहिर. आणि मी अनघा, निजामपुऱ्यात राहणारी, रिफायनरीतल्या ऑपरेटरची मुलगी.

*

पहिल्याच आठवड्यात मी जवळजवळ भिंतीएवढा कॅनव्हास ताणला. आणि घाबरले! एवढं पांढरं मी आयुष्यात एका जागी पाहिलं नव्हतं. रोज जायचे, समोर बसायचे, डबा खायचे, घरी यायचे.

व्यास सर डोकवायचे. "शुं चाले छे?"

"विचार चालू आहे सर."

"सरस, सरस."

पावसाळा अर्धा संपला, विचार काही संपेना. एके दुपारी सर भिजून आले. ओली छत्री कुठे ठेवावी म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ माझ्या कॅनव्हासच्या वरच्या कडेला अडकवली.

"सर! कॅनव्हास आहे तो!"

"अच्छा? मला वाटलं भिंत आहे. केव्हाची कोरीच दिसते ने!"

आणि निघून गेले चहाला. छत्री जुनी होती. तिच्या कापडाचा काळपट रंग उतरला आणि पांढऱ्या कॅनव्हासवरून एक ओघळ थेट खालपर्यंत गेला. मला असा संताप आला! सगळ्यात मोठा ब्रश घेतला आणि त्या ओघळावर पिवळा फासला. मग तो पिवळा फारच ओरडायला लागला म्हणून शेजारी करडा. मग करड्याला आधार म्हणून खाली तपकिरी. संध्याकाळी सर छत्री न्यायला आले तेव्हा अर्धा कॅनव्हास भरला होता आणि मी कोपरापर्यंत रंगले होते.

सरांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "ल्यो! पडला एकदाचा वरसाद!"

चित्र अगदी सुमार होतं. पण त्या दिवसानंतर कोऱ्या कॅनव्हासची भीती कायमची गेली.

*

त्यानंतर मला विषयाचं वेड लागलं. मी कामाबद्दलचं टिपण लिहून सरांना दिलं. त्यात शरीर होतं, स्मृती होती, शहर होतं, विस्थापनसुद्धा होतं. सरांनी पूर्ण वाचलं. चष्मा काढला.

"आईला फोन लाव. स्पीकरवर. आणि हेच सांग."

आता गाईडला नाही कसं म्हणणार? लावला. "आई, ऐक ना, माझ्या कामाचा विषय ठरला. नागरी अवकाशातल्या शरीराची विस्थापित स्मृती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "बरं. पण डबा खाल्लास का?"

सरांनी टिपण घडी करून माझ्या हातात दिलं. "ज्या दिवशी ती डबा सोडून दुसरं काही विचारेल ने, त्या दिवशी विषय मिळाला समज."

*

वर्षाच्या मध्यावर जूरी असते. बाहेरचे दोन चित्रकार येऊन काम बघतात. माझ्या भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि त्यातले एक जण अगदी प्रेमानं म्हणाले, "हात चांगला आहे. पण हे काम करणारी मुलगी कुठे दिसत नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! त्यांच्यासमोर मी हसले. ते गेल्यावर ब्रश धुवायच्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडून रडले. हे सगळं सोडून बी. एड. करावं, असं मी मनात पक्कं केलं होतं.

मिहिरची स्वतःची जूरी व्हायची होती. तरी त्यानं स्कूटर काढली आणि मला फतेगंजला सेव-उसळ खायला घेऊन गेला. पहिला घास घेतला, तिखट लागलं आणि थांबलेलं रडू पुन्हा सुरू झालं. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून! गाडीवाले काका घाबरले. तिखट तरी जास्त पडली की काय म्हणून पाण्याचा ग्लास घेऊन धावत आले.

"बेन, तरी वधारे पडी गई?"

मिहिर शांतपणे पाव मोडत म्हणाला, "ना काका. जूरी वधारे पडी गई!"

मी ठसका लागेपर्यंत हसले. आणि दुसरा पाव मागितला. बी. एड. तिथेच राहिलं. मिहिरचं हे ऋण मी फेडणार नाही, कारण तो ते मान्यच करत नाही. म्हणतो, "मने तो भूक लागी हती!"

*

विषय मिळाला तो आमच्या गच्चीवर. मी काही शोधायला गेले नव्हते. आई कपडे वाळत घालत होती, मी चहाचा कप घेऊन कठड्यावर बसले होते आणि हाताला चाळा म्हणून समोर दिसेल ते काढत होते. समोर होता बाबांचा रिफायनरीत घालायचा, शर्ट-पँट एकत्र शिवलेला निळा बॉयलर सूट. आई तो नेहमी उलटा वाळत घालते, पाय वर, हात खाली. वारा आला की दोन्ही बाह्या कुणाला तरी बोलावल्यासारख्या हलतात.

ती रेखाटनं मी स्टुडिओत भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात टाचली होती. व्यास सर मोठी चित्रं ओलांडून तिथे जाऊन उकिडवे बसले.

"हा माणूस कोण?"

"माणूस नाही सर. बाबांचा बॉयलर सूट आहे."

"मग बाबा कुठे आहेत?"

"ड्यूटीवर."

"आणि सूट दोरीवर?" सरांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे रिफायनरीत गेले कसे?"

पार्टिशनपलीकडे मिहिरला हसू फुटलं. मी ओरडले, "दुसरा सूट आहे, सर!"

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. या वेळी हसत नव्हते. "दुसराही काढ. तिसरा असेल तर तोही. आता हेच करायचं."

*

झालं, मी घरी जाऊन बाबांना म्हटलं, "मला तुमचा सूट स्टुडिओत न्यायचाय."

बाबा ओशाळले. "अगं, कॉलेजात? त्याला वास येतो. डाग आहेत."

"डागच हवेत, बाबा."

सकाळी बघते तर खुर्चीवर सूट तयार! धुतलेला, वाळवलेला, कडक इस्त्री केलेला. बाहीवर अशी धार, की बोट कापावं. बाबांनी रात्रीच्या ड्यूटीवरून येऊन स्वतः इस्त्री केली होती.

माझा चेहरा पडला. "बाबा, मला चुरगळलेला हवा होता."

आई म्हणाली, "लोकांच्या मुली इस्त्रीचे कपडे मागतात. आमची चुरगळलेले मागते!"

बाबा सूट घेऊन आत गेले. बाहेर आले ते सूट घालून. आणि हॉलच्या मधोमध उठाबशा काढायला लागले! मग खाली वाकले, हात वर ताणले, सोफ्यावर बसून पुन्हा उठले. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे वाजतायत, आणि मधूनमधून थांबून मला विचारतोय, "आता? कोपरापाशी आली का चुणी?"

मला इंजिनिअर करायचं त्यांच्या मनात होतं. मी चित्रकला घेते म्हटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं होतं, "पोट भरेल ना?" पुन्हा तो विषय काढला नाही. त्या चुण्या मी महिनोन् महिने रंगवल्या. एकही मनची घातली नाही.

*

हळूहळू भिंत भरत गेली. एक दिवस सर आले आणि मोठ्या चित्रासमोर म्हणाले, "खाली डाव्या बाजूला काहीतरी टाक. रिकामं लागतं."

"नाही सर."

"सावली तरी?"

"नाही सर. तिथे काही नाहीये, म्हणून तर सूट लोंबतोय असं वाटतं. काही टाकलं की तो उभा राहील."

हे आपणच बोललो का, असं मला वाटलं. सर दोन पावलं मागे गेले. मी माफी मागणारच होते. तेवढ्यात त्यांनी पार्टिशनवर टकटक केली.

"मिहिर! ही आजपासून माझ्याशी भांडायला लागली. एकीचं काम झालं. तुझं केव्हा?"

*

वर्षअखेरचं प्रदर्शन लागलं. आई अकोट्याच्या मावशीला घेऊन येऊन गेली, दोघींनी चित्रांपुढे फोटो काढले. बाबा मात्र रोज "उद्या येतो" म्हणायचे. खरं कारण आईनं सांगितलं: "त्यांना वाटतं, तिथे कुणी काही विचारलं तर काय बोलायचं?"

शेवटच्या दिवशी त्यांची सकाळची शिफ्ट होती. दुपारी मी एका पाहुण्यांशी बोलत होते आणि हॉल अचानक गप्प झाला. वळून बघते, तर बाबा! घरी जाऊन कपडे बदलले तर प्रदर्शन बंद होईल म्हणून कंपनीच्या बसमधून उतरून थेट आलेले. अंगात बॉयलर सूट, पायात सेफ्टी शूज, हातात डब्याची पिशवी. सगळ्यात मोठ्या चित्रासमोर ताठ उभे. चित्रातला सूट त्यांच्याच उंचीचा.

त्यांच्याभोवती ज्युनिअर मुलांनी अर्धगोल केला होता. दोघातिघांनी मोबाईल काढले होते. एक मुलगी मैत्रिणीच्या कानात कुजबुजली, "लाईव्ह आहे, लाईव्ह! चित्राचाच भाग आहे हा!" लोक बघतायत हे बाबांच्या लक्षात आलं आणि आपलं काही चुकलंय असं वाटून ते आणखीच स्तब्ध झाले.

मी पुढे धावले. व्यास सरांनी माझं कोपर धरलं. "ऊभी रे."

ती कुजबुजणारी मुलगी धीर करून बाबांजवळ गेली आणि अगदी अदबीनं विचारती झाली, "सर, यह कब तक चलेगा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या सूटकडे. मग स्वतःच्या बाहीकडे.

"दो साल और," ते म्हणाले. "फिर रिटायर."