एकोणसत्तरावं पान: अंबरपेठच्या दोन भाषांच्या शाळेत

शाळा समितीच्या बैठकीत कामं वाटायला सुरुवात झाली, की मी मान खाली घालून वहीत काहीबाही लिहीत बसते. या वेळी तो उपाय चालला नाही. अध्यक्षांनी सरळ नावच घेतलं, "शिंदेबाई, तुम्ही हैदराबादला जाऊन या."

कारण असं की, सोलापुरातल्या आमच्या मराठी शाळेतला पहिलीचा वर्ग येत्या जूनपासून पूर्ण इंग्रजी करायचा, असं निम्म्या समितीचं म्हणणं होतं. उरलेल्यांना दोन्ही भाषा हव्या होत्या. दोष तरी कुणाला द्यायचा? गल्लीगल्लीत इंग्लिश स्कूलच्या पाट्या लागल्यात, आणि प्रत्येकाच्या नात्यातलं कुणीतरी पुण्याला नाहीतर बंगळूरला संगणकाच्या कंपनीत चिकटलंय. हैदराबादच्या अंबरपेठेत मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणारी एक प्राथमिक शाळा आहे, ती बघून मी अहवाल द्यायचा आणि त्यावर निर्णय घ्यायचा, असं ठरलं. मी दोन भाषांच्या बाजूची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पंच म्हणून गेले होते असा कुणाचा गैरसमज नको.

सकाळी सहाची एसटी पकडली. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असा रस्ता. जाणाऱ्यांनी खिडकी डाव्या बाजूची धरावी, दुपारचं ऊन कमी लागतं. हुमनाबादला गाडी जेवायला थांबते, पण तिथली भाजी नुसती तिखट, म्हणून घरची भाकरी-चटणी सोबत असलेली बरी. बसायला जागा चांगली मिळाली होती, तरी आठ तासांनी हैदराबादच्या स्टँडवर उतरले तेव्हा पाय खांबासारखे झाले होते. सुलतान बाजारातल्या एका लॉजमध्ये खोली घेतली. स्वच्छ होती, फक्त खालच्या कापड दुकानाचा गलका वर येतो.

दुसऱ्या दिवशी अंबरपेठेसाठी रिक्षा केली. रिक्षावाल्याने पन्नास सांगितले. मी सवयीने म्हणाले, "नको." तो हसला. "नक्को बोले तो पक्के हैदराबादी हैं आप! चालीस देव, बैठो." आपला शब्द त्याच्या तोंडी ऐकून मी इतकी खूश झाले, की तिसाचा भाव करायचा राहूनच गेला.

शाळा म्हणजे एक दुमजली इमारत, खाली किराणा दुकान आणि शेजारी इस्त्रीवाला. सुलभाबाई दारातच उभ्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, जन्म इथलाच, वीस वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळतात. "चहा नंतर पिऊ. आधी गणित बघा," म्हणाल्या.

त्यांच्या वर्गात गणित आणि परिसर अभ्यास आधी मराठीतून होतो, मग तोच धडा इंग्रजीतून. त्या दिवशी मण्यांच्या माळा होत्या, दहा-दहाच्या, आणि काही सुटे मणी. बाईंनी सत्तावीस लिहायला सांगितलं. एका मुलाने फळ्यावर ७२ लिहिलं. मी आमच्या वर्गात हे हजारदा पाहिलंय, आणि हजारदा मी ते पुसून बरोबर लिहून दिलंय. सुलभाबाईंनी पुसलं नाही.

"सत्तावीस म्हणताना आधी कोण बोलतं?"

"सात!"

"इंग्रजीत?"

"ट्वेन्टी!"

"आणि शेजारच्या अक्का तेलुगूत काय म्हणतात?"

"इरवै एडु! इरवै आधी!"

"म्हणजे त्या दोन्हींत वीस आधी. मग मराठीत सात का पुढे आला?"

 मग मागच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "आमच्या घरी बी लहान पोरं आधी जेवतात."

मी हसले, पण बाई हसल्या नाहीत. "हौ, बरोबर," म्हणाल्या. "बोलताना लहान आधी, लिहिताना मोठा आधी." मुलाने स्वतःच ७२ खोडून २७ केलं. पुढे एकोणतीस आलं. एकोण म्हणजे एक उणा, तिसाला एक कमी, असं म्हणत पोरांनी तीन माळांतला एक मणी झाकला आणि तीन भाषांत आकडा सांगितला. माझ्या नोकरीला बावीस वर्षं झाली. इतकं सोपं मला का सुचलं नाही, याची खरंच लाज वाटली. अहवालाची पहिली दोन पानं मी तिथेच बसून लिहिली, आणि मनात म्हटलं, झालं आपलं काम.

चहानंतर चौथीत गेले. केतकी नावाची चुणचुणीत मुलगी पुढे बसली होती. इंग्रजीचा धडा तिने घडाघडा वाचला. मी तिच्या हातात मराठीचं पुस्तक दिलं आणि म्हटलं, "एकोणसत्तरावं पान काढ."

तिने पानं उलटली आणि एकोणऐंशीवर थांबली. म्हणाली, "सत्तर म्हणजे सेव्हन्टी, नं? एकोण मतलब नाइन?" मी पान काढून दिलं. ती बोट ठेवून वाचू लागली. 'त्याच्या' या शब्दाशी अडली, परत मागे गेली, पुन्हा अडली. एका परिच्छेदाला पाच-सहा मिनिटं लागली असतील. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला तिला थांबवायचं होतं आणि थांबवता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर सुलभाबाई म्हणाल्या, "दुसरीत माझ्याकडेच होती. सत्तावीस, एकोणतीस, सगळं येत होतं तिला."

"मग झालं काय?"

"तिसरीपासून गणित, परिसर नुसतं इंग्रजीत. पालकांनी अर्ज दिला, मॅनेजमेंटने मानला. मराठीला रोज एक तास राहिला. त्यात कविता आणि सणांवर निबंध. आता पोरगी आकडे मराठीत कधी मोजणार? दिवाळीच्या निबंधात?"

संध्याकाळी त्या मला मलकपेठेत केतकीच्या घरी घेऊन गेल्या. मूळचं शेतकरी घर, उदगीरकडचं. वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला सॉफ्टवेअर कंपनीत, जायला-यायला रोजचे तीन तास. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"बाई, मी दहावीपर्यंत मराठीत शिकलो. गणितात पहिला. पण मुलाखतीला गेलो की तोंडच उघडायचं नाही. उत्तर माहीत असून गप्प बसायचो. चार वर्षं अशी गेली. माझ्या पोरीने तसं बसू नये, इतकंच."

मी वही काढून त्यांचं बोलणं लिहून घेतलं. 

कोपऱ्यात आजोबा पान लावत बसले होते. ते म्हणाले, "आधी म्या फोनचा नंबर सांगायलो की ही चुकीचा लिहायली. एकोणसत्तर म्हणलं की एकोणऐंशी. आता म्याच शिकलो बघा. सिक्स्टी नाइन, सेव्हन्टी नाइन. बराबर हाय का गं केतके?" केतकी म्हणाली, "बराबर, आजोबा." म्हातारा हौसेने हसला. बाकी कुणी हसलं नाही. 

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून सुलभाबाईंबरोबर सुलतान बाजारात पुस्तकांची दुकानं पाहिली. (साड्यांसाठी जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर पाऊल ठेवायला जागा नसते.) चालता चालता मी विचारलं, "चौथीचं लिहू का? लिहिलं तर आमचे लोक म्हणतील, बघा, दोन भाषा चालत नाहीत, करा सरळ इंग्रजी."

त्या रस्त्यात थांबल्या. मागून एका हातगाडीवाल्याने आवाज दिला, तरी हलल्या नाहीत. "लिहा. त्या पोरीला वाचता येत नाही ते लिहा, आणि का येत नाही ते पण लिहा. गणित काढून घेतलं म्हणून. नक्को लपवू काही." पहिल्यांदाच त्या माझ्याशी एकेरीत बोलल्या होत्या.

मी सगळं लिहिलं. दुसरी लिहिली, चौथी लिहिली, केतकीच्या वडिलांची मुलाखतीतली चार वर्षंही लिहिली. शेवटी शिफारस केली: दोन्ही भाषा ठेवा, पण चौथीपर्यंत गणित आणि परिसर मराठीतूनही शिकवा, नाहीतर मराठी नावालाच उरेल.

समितीने अहवाल मन लावून वाचला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग अध्यक्ष म्हणाले, "सुवर्णमध्य काढू. दोन्ही भाषा ठेवू. मराठी रोज एक तास. गणित, परिसर इंग्रजीतून." टाळ्या पडल्या. माझंही अभिनंदन झालं, बाईंचा दौरा सार्थकी लागला म्हणून. जे मोडलेलं मी डोळ्यांनी पाहून आले होते, नेमकं तेच माझ्या अहवालाच्या जोरावर आमच्याकडे येणार होतं. मी उभी राहून विरोध नोंदवायला सांगितलं. तो नोंदवला गेला, आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा निघाला.

घरी येऊन खूप चिडचिड केली, एकदा रडलेही. प्रवासातून काय आणलं असं मैत्रिणी विचारतात, तेव्हा सुलतान बाजारात घेतलेल्या बांगड्या दाखवते. त्या महिनाभरात फिक्या पडल्या.

जूनमध्ये पहिलीचा वर्ग कोण घेणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी हात वर केला. गणित इंग्रजीतून शिकवावं, असं ठरावात स्पष्ट लिहिलंय. मराठीतून शिकवू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचून खात्री करून घेतलीय.