साक्षीतला सव्वा तास

श्री. वामनराव वकील यांच्या साठाव्या वर्षाच्या या ग्रंथात मोठमोठ्या मंडळींचे लेख येतील. कायद्यावर लिहिण्याची माझी पात्रता नाही. पण त्यांच्या एका खटल्यात मी साक्षीदार होते आणि आरोपी माझे सख्खे दीर होते, म्हणून समितीने मला लिहायला सांगितले. हे मी माझे भाग्य समजते.

वकीलसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या लोधीपुऱ्यातल्या ओट्यावर. त्याआधी चारच दिवस रघुनाथभावजींना पोलिसांनी फोपनार गावाहून धरून नेले होते. तिथे भावजींची केळीची बाग. पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या शेतकऱ्याशी त्यांचे भांडण चाललेले. एका मंगळवारी दुपारी त्या शेतकऱ्याच्या डोक्यात कोणी मागून कुऱ्हाडीचा दांडा घातला. त्याने पळणाऱ्याची पाठ तेवढी पाहिली आणि नाव भावजींचे घेतले. आणि त्या दुपारी भावजी तर खोकल्याच्या औषधासाठी आमच्याकडे आलेले!

मग काय, सुटलेच, असे मला वाटले. वकीलसाहेबांनी मान हलवली. "वहिनी, 'मी तिथे नव्हतो' एवढं म्हणून कोर्टात भागत नाही. मग होतो कुठे, हे आपणच दाखवायचं. तेही असं, की मधल्या वेळात फोपनारला जाऊन येणं शक्यच नाही. कोणी पाहिलं त्यांना?"

मी पाहिले होते. शेजारच्या राधाकाकूंनीही.

"एकादशीला आले होते ना!" काकू म्हणाल्या. "मी अंगणात भगर निवडत होते. काकू, आज उपास का, म्हणून त्यांनीच तर विचारलं."

"माझाही उपासच होता," मी म्हटले. दोन साक्षी जुळल्या म्हणून हे, म्हणजे माझे शाळामास्तर यजमान, खूश झाले. वकीलसाहेबांनी मात्र खुंटीवरचे पंचांग मागितले. त्या पक्षात एकादशी दोन दिवस होती. आम्ही स्मार्त, आमचा उपास मंगळवारी. काकू माळकरी, त्यांची भागवत एकादशी बुधवारी. म्हणजे काकूंनी भावजींना पाहिले ते मारामारीच्या दुसऱ्या दिवशी! भावजी बुधवारी जेवूनच परतले होते.

"अहो, मग मी मंगळवार म्हणून टाकते ना," काकू म्हणाल्या. "भगर काय, कधीपण निवडता येते. तिथं कोण पाहायला बसलंय?"

"सरकारी वकील बसलेत, काकू. पंचांग त्यांच्याही घरी आहे." वकीलसाहेब हसले. "तुमची साक्ष खोटी ठरली, की वहिनींची खरी साक्षही तिच्याबरोबर बुडेल. तुम्ही आपल्या घरीच राहा."

हे चिडले. "एकच साक्षीदार, आणि ती पण घरची बाई! भाऊ जेलमध्ये जाईल माझा."

"एकच आहे, म्हणूनच तिला जपायचं, मास्तर."

मग त्यांनी मला त्या दिवसाचा क्रम विचारला. दुपारी मी भावजींना जेवायला वाढले. ते ओट्यावर आडवे झाले. मी देवघरात पोथी वाचायला बसले. पोथी मिटून उठले आणि त्यांना काढा दिला.

"वाचताना ते दिसत होते?"

देवघरातून ओटा दिसत नाही. तसे मी सांगून टाकले. किती वेळ वाचत होते, तेही सांगता येईना. आमच्या घरात घड्याळ कुठले! तेव्हा साहेबांनी खिशातले घड्याळ काढले. "वाचा. मी इथे बसतो."

मी वाचू लागले. जितके लवकर संपेल तितके भावजींचे भले, एवढेच माझ्या डोक्यात. दुसऱ्या अध्यायातच बाहेरून आवाज आला, "वहिनी, आज अध्याय धावतायत. रोजच्यासारखं वाचा."

देवासमोर इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. पुन्हा पहिल्यापासून वाचले. सव्वा तास लागला. मला रडूच आले.

"रडता कशाला?" साहेब म्हणाले. "सव्वा तासात फोपनारहून घोडाही परत येत नाही. साक्षीत भोक आहे, पण त्यातून माणूस जाऊ शकत नाही. तर मग ते बुजवायचं कशाला? दाखवायचं."

नुसते बोलून ते थांबले नाहीत. घोडेवाल्याला सोबत घेऊन, दोन घोड्यांवरून ते फोपनारला जाऊन आले. तीन तासांवर लागले. पुढे आठवडाभर त्यांना धड बसता येत नव्हते, असे त्यांच्या सौभाग्यवतींकडून कळले.

आमच्याकडे कोर्टाचे काम हिंदीत चाले. मला सरकारी वकिलांनी विचारले, "पोथी पढ़ते समय आरोपी दिखते थे?"

"नाही. सव्वा तास ते मला दिसले नाहीत."

मागे ह्यांनी कपाळावर हात मारला, तो मला ऐकू आला.

"देवर हैं, इसलिए बचा रही हो ना?"

"वाचवायचंच असतं तर 'दिसत होते' म्हटलं असतं!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिले. नंतर घोडेवाल्याची साक्ष झाली. भावजी सुटले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "मग मारलं कोणी?"

"ते मला ठाऊक नाही, वहिनी. रघुनाथराव तिथे नव्हते, एवढंच मला दाखवता आलं. ज्याला लागलं, त्याचा न्याय राहिलाच आहे."

हे साहेब नुसते बोलले नव्हते, त्यांनी ते मनावर घेतले होते. त्या जखमी शेतकऱ्याकडे ते स्वतः गेले. पहिल्या खेपेला त्याने तोंड फिरवले. तिसऱ्या खेपेला भावजींना सोबत घेऊन गेले आणि पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मारणारा शेवटपर्यंत सापडला नाही, पण पाटावर पुन्हा कोणी हात उचलला नाही. विरुद्ध पक्षाच्या माणसाचे घाव पाहायला जाणारा वकील मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता साहेबांची नजर मंदावली आहे, गुडघे दुखतात, तरी कोर्ट सुटलेले नाही. खोटा आळ येणारी माणसे या गावात अजून पुष्कळ जन्माला यायची आहेत. त्यांच्यासाठी ईश्वराने साहेबांना निरोगी आणि उदंड आयुष्य द्यावे. रोज देवाजवळ घरच्यांसाठी मागताना मी भावजींच्या आधी त्यांचे नाव घेते. भावजींनीच तसे सांगितले आहे.