दुकानाबाहेरच्या बाई

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, अशा गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. नमुना घ्यायचा, तपासायचा, जमला तर पास, नाही तर परत. घरातही मी तसाच वागतो अशी बायकोची तक्रार आहे. या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी कित्येकदा हसलोय. आता हसायची पाळी तुमची.

आम्ही दोघं बदलापूरला राहतो. माझी बायको शैला लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवारी साड्या करते... पायजम्यासारखी चढवायची, नाडी बांधायची, झालं. आधी वीस वर्षं ती उल्हासनगरच्या एका मोठ्या शोरूमसाठी शिवायची. पुढे काच, एसी, गाद्या, आणि कारागीर बायकांना दार मागच्या गल्लीतून. पुढच्या दाराने त्यांनी यायचं नाही, असा नियमच होता. आपण शिवलेली साडी काचेत लागली की सुट्टी झाल्यावर शैला रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघून यायची. हे तिने मला किती वर्षांनी सांगितलं!

ते शोरूम कधीच बंद झालं. पण तो रस्ता आज आणखी झकपक झालाय. एकाला एक लागून काचेची दुकानं, बाहेर गाड्या लावायला जागा नाही. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या तोंडावर तिथला एक गाळा, जुना भाडेकरू गेलेला आणि नवा यायचा असल्याने, रिकामा पडला होता. शैलाने तो बारा दिवसांसाठी घेतला. हल्ली याला पॉप-अप म्हणतात म्हणे. गाळ्याचे मालक सिंधी, बोलायला गोड. ते म्हणाले, "साईं, बारह दिन में तो लोगों को पता भी नहीं चलेगा कि दुकान खुली है."

माझंही तेच मत होतं आणि मी ते रोज जेवताना ऐकवत होतो. पण तिला एकदाच, तिच्या नावाच्या पाटीखाली, त्या रस्त्यावर बसायचं होतं.

गाळा दहा बाय चौदा. उजवीकडे चपलांचं दुकान, डावीकडे ड्रायफ्रूटचं. दार एकच, पुढचं. मागे सलग भिंत. दाराच्या वर बाहेरच्या बाजूला मालकांचा कॅमेरा. हे सगळं मुद्दाम सांगतोय.

पहिले तीन दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. बायका काचेतून बघायच्या आणि पुढे जायच्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर शैला चपला काढता काढता म्हणाली, "पाडवा झाला की मशीन विकून टाकू. उगाच जागा अडते." मी "बघू" म्हणालो. खरं सांगायचं तर मला आतून थोडं बरं वाटलं होतं. माझं म्हणणं खरं ठरत होतं ना... आज त्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, एक बाई मुलीला घेऊन आत आल्या आणि थेट म्हणाल्या, "बावीस नंबर द्या. बाहेरच्या मावशी म्हणाल्या, थोडी सैल होईल पण पुढच्या वर्षीही चालेल."

शैलाने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी कोणाला तरी दारात उभं केलंय. मला वाटलं तिने. बावीस नंबर मुलीला घातली तर अगदी तशीच बसली, बोटभर सैल. बाई गेल्यावर मी बाहेर जाऊन आलो. दारात कोणीही नव्हतं.

त्यानंतर गिऱ्हाईक येतच राहिलं. सगळेच काही मावशींचं नाव घेत नव्हते, पण दिवसाकाठी चार-पाच जण तरी घ्यायचे. "गळ्यात टेप असलेल्या त्या बाई," "त्या बारीकशा, हिरव्या लुगड्यातल्या." कोणाला नंबर सांगितलेला, कोणाला रंग. मी म्हटलं, शेजारच्या दुकानातली कोणी असेल. जाऊन विचारलं. ड्रायफ्रूटवाल्याचा वॉचमन दिवसभर तिथेच स्टुलावर असतो. तो म्हणाला, "कोई औरत नहीं है अंकल, आप दस बार बाहर आके क्या देख रहे हो?"

सहाव्या दिवशी एकीने अंजिरी रंगाची साडी मागितली. शैला नाही म्हणाली. "अहो, आहे ना. मावशी म्हणाल्या टेबलाखालच्या गठ्ठ्यात आहे." तो गठ्ठा घरून आणल्यापासून आम्ही सोडलाच नव्हता. मी स्वतः सुतळी कापली. वरून तिसरी, अंजिरी. आता शिवणारीला तरी आठवायला हवी होती, तर तीही विसरलेली.

मी मालकांकडे गेलो आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. त्यात ती अंजिरीवाली बाई येते, दाराच्या डाव्या अंगाला थांबते, मान वळवते, काहीतरी ऐकते, हसते, आणि आत जाते. समोर कोणी नाही. कानात हेडफोन असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मालकांनी ते दोनदा बघितलं आणि म्हणाले, "ग्राहक आ रहा है ना साईं? फिर छोड़ो."

आठव्या दिवशी एक वयस्क बाई आल्या. पाणी मागितलं, प्यायल्या आणि शैलाला रागावल्या. "बाहेर एवढं ऊन आहे, त्या म्हातारीला आत तरी बसवा. मी म्हटलं चला, तर म्हणतात, आमी पुढच्या दारानं येत नाय."

शैला घडी घालत होती. तिचे हात थांबले.

त्या गेल्यावर तिने मला सांगितलं. शोरूमच्या मागच्या खोलीत तिला कापड कापायला शिकवलं ते जनामावशींनी. बारवी धरणाकडच्या एका पाड्यातल्या. नुसतं बघून माप सांगायच्या, टेप गळ्यात फक्त शोभेला. शोरूम बंद झालं तेव्हा शैला त्यांना "येते भेटायला" म्हणाली होती, आणि गेली नव्हती.

मग ती उठून दारात गेली आणि डाव्या बाजूला बघून म्हणाली, "मावशी, दुकान माझं आहे. आत या." समोरून माणसं जात होती. मी आत मान खाली घालून बसलो. माझ्या अंगावर काटा आला होता. तो उन्हाने येत नाही, एवढं मलाही कळतं.

आत कोणी आलं नाही. गिऱ्हाईक मात्र शेवटच्या दिवसापर्यंत आलं. बाराव्या दिवशी, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, चारच्या आत सगळा माल संपला आणि शैलाने स्वतः शटर ओढलं.

माझी खात्री होती की मावशी वारल्या असणार. शैलाचीही असावी, कारण पाडव्यानंतर आम्ही बदलापूरहून रिक्षा करून निघालो तेव्हा तिने हार घेतला होता. पाड्यात घर विचारलं तर ओट्यावर मावशींची सून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हाय ना, आत झोपलीय. खुबा मोडल्यापासून दोन वर्सं झाली, पाय खाली टेकवला नाय तिनं." शैलाने हार पिशवीतच ठेवला.

मी विचारलं, बाकी तब्येत कशी आहे?

"बरी हाय. पन मधी एक नवीनच काढलं व्हतं. रोज सांच्याला बोलायची, पाय चेप गो, दिसभर उबी हाय. आता कुठं उबी? खाटंवर तं हाय. पन पाय खरंच सुजलेले असायचे. आठ-नव दिस चेपले मी. पाडव्यापासून बंद झालं."

मी बोटांवर मोजलं. चौथ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत नऊ. दुकानाबद्दल कोणी सांगितलं होतं का, घरातलं कोणी उल्हासनगरला गेलं होतं का, सगळं विचारून घेतलं. नाही. आमचं नावही सुनेला माहीत नव्हतं.

आत गेलो. खाटेवर एवढासा जीव. शैला वाकून म्हणाली, "मावशी, मी शैला."

मावशींनी डोळे उघडले. "ठाव हाय. बघितली ना तुला काचंतून. गल्ल्यावर बसलेली." मग म्हणाल्या, "लय बरं वाटलं."

मला पुढचे दहा प्रश्न विचारायचे होते. शैलाने मानेनेच मला बाहेर जायला सांगितलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसून ती त्यांचे पाय चेपू लागली. ती रडत होती, आणि मावशी तिला रागावत होत्या.

वय झालंय, काहीही बोलतात, असं सून मला ओट्यावर म्हणाली. असेलही. मी ही गोष्ट तपासायची तेवढी तपासली. पास करता येत नाही आणि परतही पाठवता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. शैला सध्या दर रविवारी पाड्यावर जाते, आणि सोडायला मी जातो.