पाणपोईची पाटी

काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ आहे. जोडलेली माणसं, शून्य. सकाळपासून मी तिच्याकडे पाहतो आहे.

गार्गी गेली तेव्हा नातलग म्हणाले, मुलीच्या नावानं पाणपोई घाला. पण ती बंदी घातलेल्या बातम्यांची भाषांतरं करायची. म्हणून मी भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर एक रिले उभा केला. ज्या देशात सरकारनं संकेतस्थळं अडवली आहेत, तिथल्या माणसानं या आडवाटेनं यावं आणि हवं ते वाचावं. काही दिवस माणसं आली. मग पाणपोईला लावतात तशी मी पाटी लावली. गार्गीचं नाव आणि खाली रिलेचा पत्ता, इंटरनेटवर, कुणालाही दिसेल असा.

तहानलेल्यांच्या आधी ती सरकारच्या पहारेकऱ्यांनी वाचली आणि तो पत्ताच अडवला. असा पत्ता विश्वासातल्यांनाच कानोकानी द्यायचा असतो, हे मला ठाऊक होतं. पण मुलीचं नाव कुजबुजत घेणं जमेना.

"आलं का कुणी?" हिनं विचारलं.

"नाही. पत्ता बदलावा लागेल. पाटीही काढावी लागेल."

"मग त्यात तिचं काय उरलं?"

नवा पत्ताही कधीतरी सापडेलच. भिंत राखणाऱ्यांना घाई नसते.

दुपारी मी पाटी काढली. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करून आणलं, त्या दिवसासारखीच ही न जेवता पडून राहिली.